भावंडं : निरंक

रेल्वेत गाडी पाच मिनिटं उशिरा आली तरी रजिस्टरात कारण लिहावं लागतं. म्हैस आडवी आली, गेट बंद झालं नाही, कुणी चेन ओढली, काहीही लिहा, पण कारणाचा रकाना कोरा ठेवायचा नाही. शेषराव खिल्लारे सत्तावीस वर्षं स्टेशन मास्तर होते आणि सत्तावीस वर्षं त्यांनी ही कारणं लिहिली होती. त्यामुळे आठ एप्रिलच्या दुपारी त्यांच्या मुलीला विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते फोनवर तीनदा वाचलं, खालपासून वरपर्यंत पुन्हा सरकवून पाहिलं आणि विचारलं, "कारण कुठंय?"

"कारण देत नाहीत, पप्पा," सोनम म्हणाली.

"देत नाहीत म्हणजे? कामून घेतलं नाही ते सांगायला नको?"

"अर्ज फार आलेत. खेद वाटतो. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. मतलब, सगळ्यांना असंच लिहितात." एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दहावीला अठ्ठ्याण्णव टक्के, गणिताच्या ऑलिम्पियाडमध्ये देशपातळीची फेरी, शाळेत सलग पाच वर्षं पहिला नंबर. अशा मुलीला कुणी नाही म्हणेल हे शेषरावांच्या गणितात बसतच नव्हतं. दक्षिणेतलं ते विद्यापीठ गणितासाठी नावाजलेलं होतं आणि तिथं नुसते मार्क बघत नाहीत, निबंध वाचतात, मुलाखत घेतात, हे त्यांना माहीत होतं. पण सोन्याला काय, वितळवून बघा नाहीतर घासून बघा, सोनंच निघायचं, असा त्यांचा हिशेब. सोनमनेही गेली दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या जागेचं नाव घेतलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून साधना खिरीच्या तीन वाट्या घेऊन आली. काय झालं ते तिने ऐकलं होतं. तिने एक वाटी नवऱ्यापुढे ठेवली, एक मुलीच्या दारापाशी. शेषरावांनी खीर खाल्ली. एप्रिलच्या आठ तारखेला या घरात दरवर्षी शेवयांची खीर होते. का होते, हे कुणी विचारायचं नसतं.

बाहेरच्या माणसाला मात्र सांगायला हवं.

परभणी जिल्ह्यात पूर्णा जंक्शनला असताना शेषराव आणि साधनाला दोन मुलं होती. थोरला संकल्प, तीन वर्षांनी धाकटी सोनम. संकल्प चौदाव्या वर्षी डेंग्यूने गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साधनाने स्टेशनवर फोन केला की पोराला धाप लागलीय, निघा. पण पुढच्या पाळीचा मास्तर आला नव्हता, आणि चार्ज दिल्याशिवाय स्टेशन मास्तरला खुर्ची सोडता येत नाही. शेषरावांनी तीन तासांत सात गाड्या काढल्या. चार्ज देताना डायरीत लिहिलं, 'सर्व ठीक', आणि सही केली. ते घरी पोचले तेव्हा दारात चपलाच चपला होत्या.

पुढे रेल्वेच्या पासासाठी कुटुंबाची यादी नव्याने भरून द्यावी लागली. मुलींच्या रकान्यात एक नाव होतं. मुलांच्या रकान्यावर त्यांचा हात थांबला, तेव्हा समोरचा क्लार्क हळूच म्हणाला, "साहेब, मोकळं नका सोडू, परत येतंय." मग शेषरावांनी लिहिलं, 'निरंक'. सरकारी कागदावर काही नसलं की हाच शब्द लिहायचा असतो. त्यानंतर त्यांनी बदली मागून घेतली, तीही अशी लांबची की मराठीच ऐकू येऊ नये. स्वतःहून मागितलेल्या बदलीत सिनिऑरिटी पार तळाला गेली. जाऊ दे म्हणाले.

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत सामान उतरवत असतानाच शेजारच्या विमलजी आल्या आणि त्यांनी कौतुकाने विचारलं, "बच्चे कितने हैं आपके?" साधनाने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून शेषराव म्हणाले, "एक. एक बेटी है." अकरा वर्षांची सोनम हातात बादली घेऊन तिथंच उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बादली आत नेली. त्या दिवसापासून एकच. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, संकल्पचा फोटो ट्रंकेतच राहिला. 'दादा' हा शब्द त्या घरात पाच वर्षांत कुणी उच्चारला नाही. घाव झाकला की बरा होतो, असं शेषरावांना वाटलं होतं. जखमेवर पट्टी बांधून ती कधी सोडायचीच नाही, तर आत काय होतं हे त्यांना कळायला हवं होतं. पण माणसाला स्वतःपुरती अक्कल नसते.

नकाराची बातमी कॉलनीत दोन दिवसांत पसरली. तेवढ्यात विमलजींच्या परेशला, ज्याला सोनमपेक्षा नऊ टक्के कमी होते, त्याच विद्यापीठात इतिहासाला जागा मिळाली. विमलजी पेढे घेऊन आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण जीभ सैल. "सोनम का नहीं हुआ? आप लोगों का तो कोटे में हो जाता है ना?" शेषरावांनी पेढा तोंडात टाकला म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. तिथं कोटा नव्हता, हे सांगूनही उपयोग नव्हता.

त्यांना कारण हवं होतं. विद्यापीठाला त्यांनी दोन ईमेल केले, दोन्हींना तेच छापील उत्तर आलं. रात्रपाळी करून आल्यावर ते दुपारी झोपत, पण आता डोळा लागेना. भिंतीपलीकडे सोनमच्या खोलीत कधीतरी दोनदा ठकठक व्हायची आणि मग तिचा आवाज यायचा, एखादा आकडा सांगणारा. "पाच हजार दोनशे एकोणऐंशी." तो आवाज त्यांना वर्षानुवर्षं ओळखीचा होता. पोरगी मोठ्याने गणितं करते, अशी त्यांची समजूत होती. आता ते कूस बदलत आणि मनात म्हणत, एवढं करून काय मिळालं हिला?

चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होता. जयपुरातली रेल्वेतली मराठी घरं त्या दिवशी एका हॉलमध्ये जमतात. तिथं परीक्षित भेटला. मूळचा नाशिकचा, सीतापुऱ्यात एका कंपनीत नोकरीला, आणि त्याच विद्यापीठातून शिकलेला. शेषरावांनी त्याला खिचडीच्या रांगेतून बाजूला काढलं.

"काका, राग मानू नका," सगळं ऐकून तो म्हणाला, "पण तिथं अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच अठ्ठ्याण्णव असतात. मार्कांनी तुम्ही दारापर्यंत पोचता. आत घेताना ते बघतात, हे मूल नेमकं कोण आहे. निबंध कुणी दुसऱ्याने लिहून दिलाय का, सांगितलेलं खरं आहे का. एवढे हुशार अर्ज असतात की नाकारायला त्यांना बारीकसं निमित्त पुरतं. कधी कधी तेही नसतं."

"आमच्यात खोटं काय असणार?"

"मी कुठं म्हणतोय. सोनमने भरलेला अर्ज पोर्टलवर तसाच असेल. छापून घ्या आणि परक्या माणसाने वाचावा तसा वाचा. आणि एक सांगतो, अर्जात माहितीची चूक सापडली तर कळवायला पंधरा दिवस देतात. तेवीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. क्वचित कधी फेरविचार होतो. फार आशा नका धरू."

शेषरावांनी फक्त तारीख लक्षात ठेवली.

सोनमला न सांगता त्यांनी अर्ज छापून घेतला. पासवर्ड त्यांच्याच डायरीत होता. कारण अर्जाचं पहिलं पान त्यांनीच भरलं होतं. 'तू अभ्यास कर, नाव-गाव-पत्ता मी भरतो, फॉर्म भरणं माझं काम,' असं म्हणून डिसेंबरात एका दुपारी त्यांनी एकेक रकाना भरला होता. निबंध सोनमने नंतर स्वतः लिहून जोडला. तो तिने दाखवला नाही आणि इंग्रजी पाचशे शब्द वाचायचा त्यांनाही उत्साह नव्हता.

सोळा तारखेला त्यांची दिवसपाळी होती. त्यांचं स्टेशन जयपूरबाहेर, कानोत्याच्या पुढचं, लहानसं. दुपारी दोन ते तीन गाडी नव्हती. पॉइंट्समन दशरथ बाहेर लिंबाखाली बसला होता. शेषरावांनी चष्मा पुसला आणि निबंध काढला.

त्यात लिहिलं होतं :

'माझे वडील स्टेशन मास्तर आहेत. एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनकडे गाडी सोडण्याआधी पलीकडचा मास्तर एक गुप्त नंबर देतो. तो मिळाला की लाइन मोकळी आहे असं समजायचं. एकदा दिलेला नंबर खोडून टाकतात, पुन्हा वापरत नाहीत. माझा भाऊ आणि मी हा खेळ खेळायचो. तो स्वयंपाकघरात, मी खोलीत, मध्ये भिंत. तो दोनदा ठोकायचा, मी नंबर द्यायचे. नंबर पुन्हा वापरायचा नाही म्हणून दोन अंकी संपले, मग आम्ही तीन अंकी घेतले. आम्ही सहाशे बारावर होतो तेव्हा तो गेला. मी नंबर देत राहिले. मला एकच भीती होती, नंबर संपले तर? दहावीत आम्हाला शिकवलं की मूळ संख्या कधीच संपत नाहीत आणि हे सिद्ध करता येतं. त्या दिवशी मी वर्गात रडले. सरांना वाटलं मला समजलं नाही. तेव्हापासून मी फक्त मूळ संख्या देते. मला गणित शिकायचंय ते यासाठी.'

शेषरावांनी कागद टेबलावर ठेवला. मग पहिलं पान उलटलं. ते त्यांना पाठ होतं. तरी त्यांनी बोट धरून वाचलं. वडिलांचं नाव. आईचं नाव. पत्ता. भावंडं.

भावंडांच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं : निल. निरंक.

पहिल्या पानावर भाऊ नाही आणि चौथ्या पानावर भाऊ मेलेला. परक्या माणसाने काय समजायचं? हेच, की मार्कांची हुशार पोरगी, परीक्षकाला पाझर फुटावा म्हणून तिने एक भाऊ तयार केला आणि मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. दोन ईमेल केले, अख्खी जयंती परीक्षितला धरून ठेवलं, आणि कारण त्यांनीच भरलेल्या रकान्यात बसलं होतं.

मग त्यांना मुलाखत आठवली. फेब्रुवारीत, घरूनच, लॅपटॉपवर. ते आणि साधना खोलीच्या पडद्यामागे श्वास रोखून बसले होते. सोनमच्या कानाला हेडफोन, त्यामुळे तिचंच बोलणं ऐकू यायचं. इंग्रजी कसं झरझर बोलत होती! मध्ये एकदाच ती थांबली. बराच वेळ थांबली. पडदा जरासा हलला होता, म्हणून बहुतेक तिने इकडे मान वळवली असेल. मग ती म्हणाली, "नो, सर. इट्स अ स्टोरी. ओन्ली अ स्टोरी." शेषरावांना वाटलं होतं, गोष्टीही लिहिते वाटतं पोरगी. त्यांना अभिमान वाटला होता.

"साब, गेट से फोन है," दशरथ दारात उभा होता. "नंबर मांग रहा है."

शेषरावांनी समोरच्या तक्त्यावरचा गुप्त नंबर वाचला, दिला, खोडला. रेघ वाकडी गेली.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. सोनम पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. त्यांनी कागद तिच्यासमोर ठेवले. तिने पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"त्यांनी काय विचारलं होतं मुलाखतीत?"

"हेच. फॉर्ममध्ये भाऊ नाही, निबंधात आहे. दोन्हीतलं खरं कुठलं?"

"मग सांगायचं की गं खरं!"

"तुम्ही पडद्यामागं होतात, पप्पा. मम्मी होती." ती आतापर्यंत शांत होती, आता तिने कागद दूर सारले. "इथं आल्यापासून आपण एकच सांगतो ना? मी काय म्हणायचं होतं? तुम्हाला खोटं पाडायचं? जागा गेली त्याचं मला... मतलब, आहे दुःख, खूप आहे. पण ते वेगळं. दादाला मी स्टोरी म्हणाले, पप्पा. परक्या माणसासमोर. तो ऐकत असेल तर?"

शेषराव पलंगाच्या कडेला टेकले. सात गाड्यांच्या त्या संध्याकाळी ते रडले नव्हते, नंतरही नाही. आता त्यांना रडू आलं, आणि ते कसं आवरायचं हे त्यांना कळेना. सोनम त्यांच्याकडे बघत राहिली. तिने आपल्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवर ठकठक झाली. दोनदा.

शेषरावांनी डोकं वर केलं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की सोनमच पेन आपटते. पण सोनमचे दोन्ही हात मांडीवर होते.

"हे कोण ठोकतंय?"

"मी कधी बघायला गेले नाही," सोनम म्हणाली. "मी नंबर देते फक्त."

ते उठले. स्वयंपाकघरात साधना ओट्यापाशी भिंतीला गाल टेकवून उभी होती, हातात लाटणं. नवऱ्याला बघून तिने ते लपवलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आलो तवापासून. पहिल्याच आठवड्यात लेकरू एकटंच भिंतीशी आकडे बोलायलं होतं. पलीकडून कुणी विचारल्याबिगर नंबर द्यायचा नसतो ना ओ? तुम्हीच शिकवलं होतं दोघांला." साधनाने लाटणं ओट्यावर ठेवलं. "म्हणून मी विचारते."

पाच वर्षं दोन बायकांनी एक लाइन चालू ठेवली होती, एकमेकींना एका शब्दाने न सांगता. आणि घरातल्या स्टेशन मास्तरला त्याचा पत्ता नव्हता. शेषरावांना राग यायला हवा होता. त्यांना फक्त एकटं वाटलं, फार एकटं.

ट्रंक त्यांनीच पलंगाखालून ओढून काढली. तळाशी निळ्या पिशवीत जुना पास होता, पूर्णा ते कोल्हापूर, कधीच न वापरलेला, त्यावर चौघांची नावं. आणि मृत्यूचा दाखला. तिघंजण लॅपटॉपसमोर बसले. दुरुस्तीचं पान उघडलं. खाली निवेदनाला जागा होती, ती शेषरावांनी आधी भरली. सत्तावीस वर्षांच्या सवयीचं त्यांचं इंग्रजी : 'नम्र विनंती की भावंडांच्या रकान्यात चूक झाली आहे. अर्जदाराची चूक नाही. तिने निबंधात लिहिलेलं सर्व खरं आहे. मुलाखतीत तिने जे नाकारलं ते वडिलांची लाज राखण्यासाठी. तिचा भाऊ २०१९ साली वारला. तो रकाना मी भरला होता. जबाबदारी माझी.' खाली नाव, हुद्दा, तारीख.

मग वरचे रकाने. भावंडांची संख्या : एक. नाव. साधनाने ते नाव मोठ्याने उच्चारलं, एकेक अक्षर, जणू सोनमला माहीतच नाही. सं, क, ल्प. पाच वर्षांनी ते त्या घराच्या हवेत आलं.

पुढचा रकाना वयाचा होता. तो मोकळा ठेवून पान पुढे जाईना.

"चौदा लिही," शेषराव म्हणाले.

"वीस," साधना म्हणाली.

"अगं, पण..."

"आठ तारखेला वीस पूर्ण झाले. खीर खाल्ली की तुम्ही."

सोनमने बापाकडे पाहिलं. शेषरावांनी मान हलवली आणि तिने वीस लिहिलं. वर वीस वर्षांचा भाऊ, खाली त्याच्या मृत्यूचा दाखला. वाचणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे. चूक दुरुस्त करायला बसले आणि परत दुसरं कोडं घालून उठले. पण त्या दिवशी त्या घरात कुणाला ते चुकीचं वाटलं नाही.

दुरुस्ती मुदतीच्या सात दिवस आधी गेली. ते सात दिवस आणि नंतरचे नऊ, शेषरावांनी पोरीसाठी काय काय मागितलं ते त्यांनाच ठाऊक. गाड्या काढताना, डबा खाताना, स्कूटरवर, त्यांचं एकच चाललं होतं, माझ्या चुकीची शिक्षा तिला नको. सोनम वरून शांत होती, पण तिने जयपुरातल्या कॉलेजांचे फॉर्म आणले नव्हते. त्यावरून काय ते समजायचं.

दोन मेला दुपारी उत्तर आलं. सोनमने वाचलं, फोन वडिलांच्या हातात दिला आणि आपल्या खोलीत गेली. आठ एप्रिलसारखीच, दार न आपटता.

शेषराव वाचत होते. साधना समोर येऊन बसली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"काय म्हणायलेत?"

"नाही म्हणतात." त्यांनी फोन खाली ठेवला. "दुरुस्ती समजली, पण जागा भरल्या. निर्णय बदलता येत नाही. नसतंच बदललं म्हणा कदाचित, काही कळायला मार्ग नाही. माझ्यामुळं गेलं का कशामुळं, हे आता कधीच..."

"आणि संकल्पचं?"

"संकल्पचं काय?"

"त्याचं काही लिहिलंय का?"

शेषरावांनी पुन्हा फोन बघितला. पत्राच्या वरच्या भागात नोंद होती, ती त्यांनी वाचून दाखवली. "अर्जदार, सोनम खिल्लारे. भावंडं, एक. भाऊ, संकल्प खिल्लारे, वय वीस. वरील दुरुस्तीची नोंद आमच्या दप्तरी घेतली आहे."

पासावरून, रेशनच्या कार्डावरून, शेजाऱ्यांच्या बोलण्यातून, सगळीकडून पुसलेलं साधनाचं पोरगं कुठल्यातरी अनोळखी कचेरीत वीस वर्षांचं होऊन बसलं होतं.

"याची एक प्रत काढून आणा," ती म्हणाली.

कॉलनीच्या फाटकाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार रणजीत शेषरावांना ओळखत होता. पत्र छापताना त्याने सहज वाचलं आणि चुकचुकला, "अरे, फिर से मना कर दिया? बहुत बुरा हुआ, मास्टरजी." शेषराव हो म्हणाले. बुरा झालंच होतं. सोनमला तिथं जायचं होतं, ती तिथली होती, आणि ती जाणार नव्हती. पुढच्या आठवड्यात ती जयपुरातच कॉलेजात गणिताला नाव घालणार होती, आणि तो सल तिच्या आणि त्यांच्या मध्ये जन्मभर राहणार होता. कागद घडी न घालता त्यांनी शर्टाच्या आत धरला आणि ते घरी आले.

साधना बाहेरच्या खोलीत चटईवर बसून होती. त्यांनी कागद तिच्यासमोर ठेवला.

"कुठंय त्याचं नाव?"

त्यांनी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिने ते तिथून हलवलं नाही. शेषराव तिच्या शेजारी बसले. बाहेर विमलजी कुणाला तरी हाक मारत होत्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, लाटणं पोळपाटावर आडवं पडलं होतं, बसल्या जागेवरून ते दोघांनाही दिसत होतं.

तेव्हा स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीवर दोनदा ठकठक झाली.

साधनाचं बोट कागदावर तसंच होतं. शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे. दोघंही उठले नाहीत.

बंद दाराआडून सोनमने नंबर दिला, नेहमीपेक्षा जरा सावकाश. शेषरावांनी तो नीट ऐकून घेतला. कारण विचारलं नाही.